पिशवीत पत्रक घालायचे की नाही?

बॅप्टिस्ट मंडळीला, म्हणजे या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या स्थानिक चर्चला, वरून हुकूम येत नाही. तिच्यावर बिशप नसतो आणि तिला बांधून ठेवणारे केंद्रीय कार्यालयही नसते. पाळक (धर्मगुरू) कोणाला नेमायचे, अर्पणाचा पैसा कशावर खर्च करायचा आणि आजूबाजूच्या लोकांसाठी काय करायचे, हे सभासद स्वतः सभेत बसून, हात वर करून ठरवतात. मंडळ्यांचे संघ असतात, आणि जगभरच्या संघांना जोडणारी, १९०५ साली लंडनमध्ये स्थापन झालेली बॅप्टिस्ट वर्ल्ड अलायन्स ही संस्थाही आहे. परंतु त्यांपैकी कोणीही एखाद्या मंडळीला अन्नछत्र उघडा किंवा बंद करा असे फर्मावू शकत नाही. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन बॅप्टिस्ट मंडळ्या पाहिल्या, तर एकीकडे आठवडाभर माणसांची ये-जा आणि दुसरीकडे रविवारची उपासना संपली की दाराला कुलूप, असे चित्र सहज दिसू शकते.

अशाच एका मध्यम आकाराच्या मंडळीच्या मदत समितीत मी काम करते. बाहेरच्यांना आमचे काम फलकावरच्या सूचनांतून कळते: धान्यवाटप, मुलांची अभ्यासिका, ज्येष्ठांचा मेळावा, नाताळचा कार्यक्रम. आतून ते बरेच कमी देखणे आहे. त्यातला मोठा वेळ याद्या दुरुस्त करण्यात, पाकिटांवरच्या मुदतीच्या तारखा तपासण्यात, खुर्च्या मांडण्यात आणि उचलण्यात, आणि हे मोकळेपणाने सांगायला हवे, वाद घालण्यात जातो. आमच्याकडे सर्वांत लांबलेला वाद छपराच्या गळतीवर किंवा पाळकांच्या मानधनावर झालेला नाही. तो झाला धान्याच्या पिशवीत सुवार्तेचे, म्हणजे येशूच्या संदेशाचे, पत्रक घालायचे की नाही यावर. मंडळीचे समाजाशी नाते कसे असावे, हा प्रश्न मला त्या वादात जितका स्वच्छ दिसला तितका कोणत्याही प्रवचनात दिसलेला नाही.

पत्रक घालावे असे म्हणणाऱ्यांत मंडळीतील काही अत्यंत सेवाभावी माणसे होती, हे आधी नमूद करते. त्यांतल्या एका वयोवृद्ध काकांनी उभे राहून विचारले, "आपण ज्याच्या नावाने देतो त्याचे नावच घ्यायचे नसेल, तर आपल्यात आणि सरकारी खात्यात फरक काय उरला?" प्रश्न सरळ होता आणि त्यात दांभिकपणा नव्हता. त्यावर अभ्यासिका चालवणारी एक तरुण शिक्षिका म्हणाली, "काका, ज्याच्या घरात आज चूल पेटलेली नाही, त्याला पत्रक नको म्हणण्याची मोकळीक असते का?" सभा बराच वेळ या दोन प्रश्नांच्या मध्ये अडकून राहिली. अखेर थोड्या मतांनी असे ठरले की, पिशवीत फक्त सामान आणि पुढच्या वाटपाची तारीख लिहिलेली चिठ्ठी जाईल, पत्रके दाराजवळच्या वेगळ्या टेबलावर राहतील आणि त्या टेबलामागे कोणी उभे राहणार नाही, कोणी स्वतःहून प्रार्थनेची विनंती केली तर ती आनंदाने केली जाईल, परंतु "आपल्यासाठी प्रार्थना करू का?" हा प्रश्न रांगेत विचारला जाणार नाही.

मी या ठरावाच्या बाजूने हात वर केला होता. यामागे उदारमतवादाची हौस नव्हती. बॅप्टिस्ट म्हणून दुसरे काही करणे मला सुसंगत वाटले नाही. आमच्या परंपरेत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने समजून-उमजून, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला पाहिजे, आणि मगच त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा दिला जातो. स्वतःच्या लेकरावरही जो विश्वास लादायचा नाही, तो एखाद्या गरजू शेजाऱ्यावर धान्याच्या ओझ्याने कसा लादायचा? टॉमस हेल्विस हा वकील १६१२ साली हॉलंडमधून इंग्लंडला परतला आणि लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात त्याने इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली. राजा हा मर्त्य माणूस आहे, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही, असे त्याने थेट राजा पहिला जेम्स याला लिहून कळवले. आणि ही मोकळीक केवळ आपल्या पंथाला नव्हे, तर पाखंडी ठरवलेल्यांना, मुसलमानांना आणि यहुद्यांनाही असावी, असे त्याचे म्हणणे होते. या लिखाणापायी तो न्यूगेटच्या तुरुंगात गेला आणि तेथेच मरण पावला. त्याच्या नावाने चालणाऱ्या परंपरेत कोणी विश्वासाचा आणि शिध्याचा सौदा करत असेल, तर तो हेल्विसलाच तुरुंगात पाठवतो आहे, असे मला वाटते.

अर्थात, हा प्रश्न आमच्या सभेत पहिल्यांदा उपस्थित झाला असे नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात आंध्र किनाऱ्यावरील ओंगोल येथे जॉन क्लाऊ हा अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी काम करत होता. त्याने बकिंगहॅम कालव्याच्या एका टप्प्याचे कंत्राट घेतले आणि उपासमारीने खचलेल्या लोकांना, ज्यांत मादिगा या दलित समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती, खोदकामावर मजुरी मिळवून दिली. नुसता शिधा न वाटता काम दिले, ही त्यातली पहिली शहाणपणाची गोष्ट. दुसरी अशी की, मदतकार्य चालू असेपर्यंत त्याने बाप्तिस्मे थांबवून ठेवले. लोक मागत होते तरी दिले नाहीत, कारण पोटासाठी आलेला आणि श्रद्धेने आलेला यांत तेव्हा भेद करता येणे शक्य नव्हते. मदत बंद झाल्यावर बाप्तिस्मे सुरू झाले आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशी गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. बॅप्टिस्ट इतिहासात हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. मला त्या आकड्यापेक्षा आधीचे थांबून काढलेले महिने अधिक महत्त्वाचे वाटतात. दुष्काळात ज्याने हात दिला त्याच्याविषयीची कृतज्ञता मदत संपल्यावर लगेच संपत नाही, तेव्हा तो निर्णय किती मोकळा होता असा आक्षेप कोणी घेतला, तर तोही मी झटकून टाकणार नाही. परंतु क्लाऊला हा पेच दिसला आणि त्याने स्वतःच्या यशाला लगाम घातला, एवढे तरी मान्य करावे लागते.

आता प्रत्यक्ष वाटपाकडे वळते. आमच्या नोंदवहीत नाव, घरातील माणसे, त्यांपैकी लहान मुले, आणि आजारपण किंवा पथ्य असे रकाने आहेत; धर्माचा रकाना नाही आणि मंडळीत येता का, असा प्रश्नही नाही. सुरुवातीला आम्ही पिशव्या आधीच भरून ठेवत असू. मग असे लक्षात आले की, ज्याच्याकडे शिजवायला इंधन नाही त्यालाही तेच कच्चे धान्य जाते आणि ज्या घरात मधुमेही आजी आहेत तेथेही तीच साखर जाते. आता सभागृहाच्या एका भिंतीला फळ्या लावल्या आहेत आणि लोक ठरावीक मर्यादेत स्वतः उचलतात. या बदलाला विरोध झाला, कारण लोक हव्यासाने घेतील अशी भीती होती. प्रत्यक्षात बहुतेक जण मर्यादेपेक्षा कमीच घेतात आणि नको असलेली वस्तू परत फळीवर ठेवतात. दान देणाऱ्यांची गंमत मात्र वेगळीच असते. सगळे जण एकाच प्रकारचे सामान आणून देतात, त्यामुळे त्याचा ढीग होतो, आणि तान्ह्या मुलांचे लंगोट, सॅनिटरी पॅड, अंगाचा साबण या गोष्टी कायम कमी पडतात. यासाठी आम्ही हल्ली रविवारी काय नको आहे याची यादीही वाचून दाखवतो. ती वाचताना लोक थोडे दुखावतात, पण उपयोग होतो.

वाटपात तक्रारी येतात, आणि त्या आल्या की नव्या स्वयंसेवकांचे तोंड पडते. अशा वेळी मी त्यांना बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचायला सांगते. यरुशलेमच्या आद्य मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर सुरू झाली आणि ती मिटवण्यासाठी सात जण निवडले गेले. बॅप्टिस्ट मंडळ्यांत पाळकाच्या जोडीने जे डीकन (सेवक) असतात, त्यांच्या पदाचे मूळ अनेक जण याच प्रसंगात पाहतात. म्हणजे ज्या पदाचा आपल्याकडे इतका मान आहे, ते पद मुळात वाटपातल्या पक्षपाताच्या तक्रारीतून आले. तक्रार करणाऱ्यांना तेव्हा कोणी कृतघ्न म्हटले नाही, हेही त्याच अध्यायातून शिकण्यासारखे आहे.

मदत घेणाऱ्याचा मान राखण्याचे जे उदाहरण मला सर्वांत आवडते ते चार्ल्स स्पर्जनचे आहे. लंडनमधल्या या बॅप्टिस्ट उपदेशकाला ऐकायला हजारो लोक येत; परंतु १८६७ साली त्याने स्टॉकवेल येथे अनाथाश्रम सुरू केला तेव्हा मुलांना एका मोठ्या कोंडवाड्यासारख्या इमारतीत न ठेवता लहान लहान घरांत कुटुंबासारखे ठेवले आणि अनाथाश्रमाचा ठळक गणवेश त्यांना घातला नाही. रस्त्याने जाताना हे अनाथ मूल आहे असे कोणाला कळू नये, एवढाच त्यामागचा विचार. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांना मंडळीचे नाव छापलेले सदरे वाटावेत अशी सूचना आली होती, आणि ती स्पर्जनच्या एका उदाहरणावर मागे घेतली गेली. छायाचित्रांचेही तसेच. मदत घेणाऱ्या माणसाचा चेहरा आमच्या अहवालात छापला जात नाही, मग देणगीदारांना अहवाल कितीही रुक्ष वाटो.

अभ्यासिका हे आमचे सर्वांत शांत चाललेले काम आहे. शाळा सुटल्यावर मुले येतात, गृहपाठ करतात, अडलेले विचारतात. तेथे बायबलचा वर्ग नसतो. तो रविवारी असतो आणि पालकांनी पाठवले तरच मूल त्यात बसते. मराठी वाचकाला येथे विल्यम कॅरीची आठवण करून द्यायला हरकत नाही. जोडे शिवणारा हा इंग्रज बॅप्टिस्ट पाळक १७९२ साली बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीच्या स्थापनेत पुढे होता, आणि त्यानेच पंडित वैजनाथशास्त्री यांच्या साहाय्याने तयार केलेले मराठीचे व्याकरण १८०५ साली बंगालमधील सेरामपूरहून छापले गेले. शिक्षण आणि छपाई ही कामे बॅप्टिस्टांच्या अंगवळणी फार पूर्वीपासून आहेत. आजच्या काळात त्यात एका गोष्टीची भर घालणे अत्यावश्यक आहे, ती म्हणजे मुलांची सुरक्षितता. एका खोलीत मुलांबरोबर एकटा प्रौढ कधीही असू नये, एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोघे जण असावेत; दाराला काच असावी; नव्या स्वयंसेवकाची चौकशी झाल्याशिवाय त्याला मुलांत सोडू नये; आणि तक्रार आली तर ती मंडळीच्या आत मिटवण्याचा प्रयत्न न करता पोलिसांकडे जावी. वरिष्ठ यंत्रणा नसलेल्या मंडळीत हे नियम विशेष काटेकोर हवेत, कारण आमच्यावर बाहेरून लक्ष ठेवणारे कोणी नसते. काही जुन्या सभासदांना हा अविश्वास वाटतो. मला तो वाटत नाही, आणि या बाबतीत मी तडजोडीला तयारही नाही.

बाकीच्या उपक्रमांविषयी थोडक्यात सांगते. आजाऱ्यांच्या भेटी, प्रसूत झालेल्या बाईच्या घरी जेवण पोहोचवणे, कोणी गेल्यावर त्या घरात खुर्च्या, पाणी आणि चार माणसे उभी करणे, हे सगळे समितीविनाच चालते, आणि ते चांगले चालते. गायनसंघ, सहली, खेळांचे दिवस, एकत्र जेवणे यांना मात्र आम्ही उगाच समाजकार्यात मोजतो. ते मंडळीच्या आतल्या लोकांसाठी असते आणि त्यात वावगे काही नाही. ज्येष्ठांचा मेळावा हा त्याला अपवाद ठरला. त्यात गप्पा, कोडी, रक्तदाब मोजणे आणि चहा यापलीकडे काही नसते, तरी मंडळीशी काही संबंध नसलेली, एकटी राहणारी माणसे त्यासाठी नीटनेटके कपडे करून वेळेच्या आधी येऊन बसतात. धान्याइतकीच माणसांची वानवा असते, आणि ती कोणत्याही नोंदवहीच्या रकान्यात बसत नाही.

आपत्तीच्या वेळी लहान मंडळीच्या मर्यादा उघड्या पडतात आणि संघाचे मोल कळते. अमेरिकेत १९६७ साली ब्यूला चक्रीवादळानंतर टेक्सासमधील बॅप्टिस्टांनी मदत सुरू केली, त्यातून पुढे सदर्न बॅप्टिस्टांचे प्रचंड आपत्ती-निवारण दल उभे राहिले. पिवळ्या सदऱ्यांतले त्यांचे स्वयंसेवक फिरती स्वयंपाकघरे चालवतात, पडलेली झाडे कापतात, पूर ओसरल्यावर घरांतला चिखल उपसतात. त्यातली लक्षात घेण्यासारखी बाब म्हणजे हे लोक आधी प्रशिक्षण घेतात. केवळ चांगल्या मनाने पूरग्रस्त भागात पोहोचलेला अप्रशिक्षित जमाव हा तेथील लोकांच्या डोक्याला आणखी एक ताप असतो. आम्हीही आता तातडीच्या वेळी जुन्या कपड्यांची गाठोडी स्वीकारत नाही, आधी तेथील संघाला विचारतो आणि बहुधा पैसे पाठवतो.

याच सदर्न बॅप्टिस्ट संघाची स्थापना १८४५ साली झाली ती गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून नेमावे की नाही या वादातून, नेमावे म्हणणाऱ्यांच्या बाजूने. त्याबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली ती १९९५ साली. चिखल उपसणारे हात आणि अन्यायाकडे पाठ फिरवणारे पंथ हे एकाच घरचे असू शकतात, ही गोष्ट आम्हा बॅप्टिस्टांनी विसरता कामा नये. धान्य वाटणे सोपे असते, कारण त्याने कोणी रागावत नाही. वॉल्टर राउशेनबुश हा १८८६ पासून न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या दरिद्री भागालगतच्या जर्मन बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक होता. एकामागून एक लहान मुलांचे अंत्यविधी करताना त्याला प्रश्न पडला की, ही मुले अशी का मरतात? त्यातून मजुरी, घरे आणि आरोग्य यांच्याविषयी बोलणे हे सुवार्तेचेच अंग आहे, अशी मांडणी त्याने केली. मार्टिन ल्यूथर किंग हे माँटगोमेरीच्या डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक असताना डिसेंबर १९५५ मध्ये वर्णभेदाविरुद्धचा बस-बहिष्कार सुरू झाला, तेव्हा कृष्णवर्णीय मंडळ्यांनी प्रार्थनासभांबरोबर मोटारीही पुरवल्या. चर्चच्या नावावर घेतलेल्या गाड्यांतून लोक कामावर जात होते. समाजकार्य म्हणून मला तो वाहनांचा हिशेब फार बोलका वाटतो. त्याची किंमतही मोजावी लागली. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मारल्या गेल्या.

आमच्या मंडळीने यातले काही केलेले नाही. वाटपाला येणाऱ्या अनेक बायकांना कामाचा पूर्ण मोबदला मिळत नाही असे आम्हाला त्यांच्याच तोंडून कळते, आणि आम्ही त्यांना पिशवी देतो. त्यांना कायद्याची माहिती देणारा वकील महिन्यातून एकदा बसवावा एवढे पाऊल उचलायलाही सभेत बरीच खळखळ झाली, कारण हे राजकारण आहे असे काहींचे मत पडले. वकील आता बसतो. त्याच्या टेबलासमोरची रांग हळूहळू वाढते आहे.

कच्चे दुवे अनेक आहेत. राबणारी माणसे तीच ती असतात आणि त्यांत बायका जास्त, तर समितीच्या बैठकीत बोलणारे पुरुष जास्त. वार्षिक अहवालात किती लोक आले हे लिहिले जाते, परंतु किती जणांना पुन्हा यावे लागले नाही हे कोणी विचारत नाही. नाताळच्या भेटवस्तूंवर जेवढा उत्साह खर्च होतो, तेवढा फेब्रुवारीतल्या एखाद्या सामान्य शनिवारी मिळाला तर समितीचे निम्मे प्रश्न सुटतील.

पुढच्या सभासद-सभेच्या विषयपत्रिकेवर सभागृहाचा मुद्दा आहे. आठवड्यातले बरेच दिवस ते रिकामे असते, आणि वस्तीतील एका महिला बचत गटाने बैठकीसाठी ते मागितले आहे. गटात आमच्या मंडळीचे कोणी नाही. भाडे घ्यायचे की नाही, किल्ली कोणाकडे राहील, आणि त्यांच्या बैठकीची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेने झाली तर आपली हरकत आहे का, असे तीन प्रश्न सचिवांनी लिहून ठेवले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांना पाच मिनिटे पुरतील. तिसऱ्यासाठी मी काकांना आधीच फोन केला आहे. त्यांनी विचार करतो असे सांगितले आहे.